सुप्पंडी कोणाच्या हातचा?

क्लीव्हलंड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांच्या नावे मार्च १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाने ४१२ डॉलरचा चेक लिहिला. त्यातले १३० डॉलर एका नव्या पात्राच्या तेरा पानांचे होते, म्हणजे पानामागे दहा डॉलर. पात्राचे नाव सुपरमॅन. या रकमेत ते पात्र आणि त्याचे सगळे हक्क कायमचे प्रकाशकाकडे गेले. सीगल लेखक, शुस्टर चित्रकार. त्यांनी १९४७ मध्ये कोर्टात धाव घेतली, तेव्हा हाती फारसे लागले नाही. उलट त्यांची नावेच अंकांवरून उतरली. शुस्टर यांची दृष्टी पुढे अधू झाली आणि सुपरमॅन जन्माला घालणारी ही जोडी दशकानुदशके हलाखीत राहिली. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा चित्रपट येणार असल्याचे कळल्यावर नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी वर्तमानपत्रांतून आवाज उठवला. तेव्हा कुठे कंपनीने दोघांना वर्षाला वीस हजार डॉलर कबूल केले आणि ‘निर्मिती : जेरी सीगल व जो शुस्टर’ ही ओळ पुन्हा छापायला घेतली. तो जुना चेक मात्र जपला गेला होता. २०१२ मध्ये तो लिलावात १ लाख ६० हजार डॉलरना विकला गेला.

ही गोष्ट अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या वाचकांना ठाऊक आहे आणि हीच बाब माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. तिथल्या कॉमिक्सच्या धंद्याने चित्रकारांशी जे केले ते इतरत्रही झाले. वेगळे काही घडले असेल तर ते वाचकांनी केले. कार्ल बार्क्स यांचे उदाहरण घ्या. डोनाल्ड डकच्या कॉमिक्सवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नाव असे, वॉल्ट डिस्ने. बार्क्स १९४२ पासून ती कॉमिक्स काढत होते. कंजूष श्रीमंत अंकल स्क्रूज हे पात्र त्यांनीच १९४७ मध्ये निर्माण केले. त्यांचे नाव एकाही अंकावर नव्हते. तरीही वाचणाऱ्या मुलांना कळायचे की या ढिगातले काही अंक एकाच हाताचे आहेत आणि तो हात बाकीच्यांपेक्षा सरस आहे. नाव माहीत नसल्याने त्यांनी या अनामिकाचे ‘चांगला बदकवाला चित्रकार’ असे बारसे केले. मोठी झालेली हीच मुले १९६० च्या सुमारास पत्रव्यवहार करत बार्क्सपर्यंत पोहोचली. नंतर त्यांनी कोणती गोष्ट कोणत्या अंकात, कोणत्या साली आली याच्या याद्या केल्या. आज बार्क्स यांची कारकीर्द म्हणून जे काही उभे आहे त्याचा पाया या वाचकांच्या वह्यांत आहे. बॅटमॅनचे बहुतेक रूप आणि कथा घडवणारे बिल फिंगर १९७४ मध्ये वारले तेव्हा त्या पात्राचा निर्माता म्हणून एकट्या बॉब केन यांचे नाव लागत होते. फिंगर यांचे नाव अधिकृतपणे जोडले गेले ते २०१५ मध्ये, तेही मार्क टायलर नोबलमन या लेखकाने वर्षानुवर्षे माग काढून फिंगर यांचे वारस शोधून काढल्यावर.

या पार्श्वभूमीवर मुंबईकडे पाहिले की एक विचित्र उलटापालट दिसते. इथल्या प्रकाशकांनी चित्रकारांची नावे छापली. ती विसरली आपण वाचकांनी. माझे म्हणणे एवढेच आहे : भारतीय कॉमिक्सच्या सुवर्णकाळातला मोठा वाटा मराठी चित्रकारांचा आहे, त्यांची नावे अंकांवर छापून आली आहेत, आणि तरीही त्यांची कारकीर्द नावाची वस्तू आज अस्तित्वात नाही, कारण ती कोणी मांडलीच नाही. ती मांडण्याचे काम प्रकाशकावर किंवा सरकारवर ढकलता येणार नाही. ज्यांनी हे अंक वाचले आणि माळ्यावर ठेवले त्यांनीच ते करावे लागेल.

आधी पट थोडा उलगडायला हवा. मार्च १९६४ मध्ये टाइम्स समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. त्यात सुरुवातीला ली फॉक यांचा फँटम म्हणजे आपला वेताळ होता, नंतर मँड्रेक आणि इतर आले. माल अमेरिकेचा, भाषा मात्र हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली अशा आपल्या. मूळ कथांतली काही नावे भारतीय वाचकाला खटकू नयेत म्हणून बदलली जात. वेताळाचा देश असाच डेंकाली झाला. या कॉमिक्सच्या उभारणीच्या काळात टाइम्समध्ये अनंत पै नावाचे कारकळचे एक तरुण गृहस्थ काम करत होते. १९६७ मध्ये त्यांनी इंडिया बुक हाऊसच्या मदतीने अमर चित्र कथा सुरू केली. मालिकेतले पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. पैंच्या डोक्यात असलेली खरी मालिका अकराव्या क्रमांकाच्या ‘कृष्ण’पासून सुरू झाली. १९८० मध्ये ‘टिंकल’ हे मुलांचे नियतकालिक आले. पुढच्या काळात अमर चित्र कथेची चारशेहून अधिक शीर्षके निघाली. दहा कोटींहून अधिक प्रती खपल्याचे प्रकाशक सांगतात. चर्चगेट आणि व्हीटीहून निघणाऱ्या गाड्यांच्या वाटेवर अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडला उतरणाऱ्या आईबापांनी व्हीलरच्या स्टॉलवरून घेतलेला अंक हा उपनगरातल्या दोन पिढ्यांच्या घरात इतिहास-पुराणाचा पहिला धडा होता. आणि त्या अंकांच्या आतल्या पानावरची नावे वाचली तर काय दिसते? राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, वसंत हळबे, अशोक डोंगरे, सी. एम. विटणकर, मधू पोवळे, एच. एस. चव्हाण, रमेश उमरोटकर. कोलकात्याचे सौरेन रॉय किंवा मीराबाई काढणारे युसूफ लीन यांच्यासारखी इतर नावेही आहेत आणि ती मोलाची आहेत. तरीही मराठी आडनावांची ही रांग डोळ्यांत भरते. भारतभरच्या मुलांनी राम, कृष्ण, भीष्म, शिवाजी महाराज ज्या चेहऱ्यांनी ओळखले ते चेहरे बऱ्याच अंशी मुंबई-पुण्याच्या मराठी टेबलांवर ठरले.

यातले राम वाईरकर हे नाव सगळ्यांत आधी घ्यायला हवे. ‘कृष्ण’ची चित्रे त्यांची. निळसर, गोबऱ्या गालांचा, खोडकर पण देवपण न सोडणारा तो मुलगा पुढे इतक्या कॅलेंडरांवर आणि पुस्तकांवर उतरला की तो कोणी काढला हा प्रश्नच कोणाला पडेनासा झाला. आता तोच हात ‘टिंकल’मध्ये पाहा. १९८३ मध्ये तमिळनाडूतल्या एका वाचकाने काही लोककथा पाठवल्या. त्यात एक वेंधळा नोकर होता. वाईरकरांनी त्याला निमुळते डोके, वर उभा राहिलेला केसांचा झुबका आणि सगळा चेहरा व्यापणारे हसू दिले, आणि सुप्पंडी तयार झाला. दोन्ही पाने शेजारी ठेवली तर वाईरकर काय करू शकत होते ते कळते. कृष्णाच्या पानावर रेषा गोल, सावकाश आणि तोलून मारलेली आहे. अंगावरचा दागिना, पीतांबराच्या चुण्या, गाईच्या डोळ्यांची ठेवण यांना वेळ दिला आहे. सुप्पंडीत मालक, दार, झाडू एवढेच चौकटीत असते आणि विनोद पूर्णपणे शरीराच्या कलावर चालतो. मालक पुढे झुकलेला, सुप्पंडी ताठ आणि निश्चिंत. काय चुकले ते सुप्पंडीला कळलेले नाही, हे फुग्यातले शब्द वाचण्याआधीच पाहणाऱ्याला कळते. पुराणातले देवपण आणि घरगुती वेंधळेपणा अशा दोन टोकांना सारख्याच सफाईने जाणारे चित्रकार जगातही मोजके. अमेरिकेत असा माणूस असता तर त्याच्यावर निदान एक जाडजूड चित्रग्रंथ नक्कीच निघाला असता. वाईरकरांच्या निधनानंतर सुप्पंडी त्यांची कन्या अर्चना आंबेरकर काढू लागल्या. एकाच पात्रावर बाप-लेकीने मिळून अनेक दशके काम करावे ही गोष्ट भारतीय कॉमिक्समध्ये दुर्मीळ आहे, आणि तरी सुप्पंडी वाचून हसणाऱ्या शंभरातल्या एखाद्यालाच ती ठाऊक असेल.

पुण्याचे प्रताप मुळीक यांची कारकीर्द आणखी लांबवर पसरली आहे. अमर चित्र कथेतला ‘राम’ त्यांचा. ‘शिवाजी’ही त्यांचाच, आणि त्या अंकाची संहिता लिहिली आहे भा. रा. भागवतांनी, म्हणजे मराठी मुलांच्या लाडक्या फास्टर फेणेच्या जनकाने. मराठी बालसाहित्यावर बोलताना भागवतांच्या या कामाचा उल्लेख मला क्वचितच कुठे आढळतो. मुळीकांचे पुढचे वळण तर थेट अमेरिकन सुपरहिरोंच्या शेजारचे आहे. १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने नागराज आणला. अंगात विष आणि सापांची फौज बाळगणारा हा नायक उत्तर भारतातल्या मुलांचा सुपरमॅनच झाला, आणि त्याच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रे मुळीकांची होती. त्यांच्यामागून मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे ही मराठी नावेही नागराजच्या पानांवर आली. हिंदी पट्ट्यातल्या चाहत्यांनी नागराजच्या अंकांच्या याद्या बारकाईने केल्या आहेत. त्यामुळे मुळीकांच्या कारकिर्दीचा हा भाग आज लखनऊ-पाटण्याच्या वाचकाला पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा जास्त माहीत असावा, अशी परिस्थिती आहे. मला ती मनापासून खटकते.

दिलीप कदम यांच्याबाबतीत तर नुसता आकार पाहिला तरी थक्क व्हायला होते. १९७९ मधला ‘बाबासाहेब आंबेडकर’ हा अंक त्यांनी काढला, संहिता होती एस. एस. रेगे यांची. त्यानंतर १९८५ ते १९८९ या काळात अमर चित्र कथेने बेचाळीस अंकांत महाभारत प्रसिद्ध केले. त्याची बहुतांश चित्रे कदमांची आहेत. एका अंकात साधारण बत्तीस पाने आणि पानाला सरासरी पाच चौकटी धरल्या तर साडेसहा हजारांच्या घरात चौकटी होतात. रथ, घोडे, हत्ती, दरबार, व्यूह, शेकडो चेहरे, आणि सुरुवातीच्या अंकांतला अर्जुन चाळिसाव्या अंकातही अर्जुनच वाटायला हवा. शिवाय दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचे महाभारत ऑक्टोबर १९८८ मध्ये सुरू झाले. म्हणजे मालिकेतले चेहरे घराघरांत पोहोचण्याआधी तीन वर्षे मुलांच्या डोळ्यांसमोर कदमांचे कौरव-पांडव होते. दूरचित्रवाणीवरच्या कर्णाचे आणि भीष्माचे काम करणाऱ्या नटांच्या मुलाखती वर्षानुवर्षे होत राहिल्या; त्यांच्याआधी तीच पात्रे कागदावर उभी करणाऱ्या कदमांचे नाव मात्र मागेच राहिले.

वसंत हळबे यांचा शिकारी शंभू ल्युइस फर्नांडिस यांच्या कल्पनेतून १९८३ मध्ये ‘टिंकल’मध्ये अवतरला. डोळ्यांवर टोपी ओढलेला हा घाबरट शिकारी पाहिला की कळते, डोळे न दाखवताही व्यंगचित्रकार भीती, घमेंड आणि सुटकेचा निःश्वास किती स्वच्छ दाखवू शकतो. सगळा अभिनय मिशा, खांदे आणि पळणाऱ्या पायांवर. हळबेंनंतर शंभू सॅव्हिओ मस्करेन्हस यांच्याकडे गेला. इकडे इंद्रजालमध्ये १९७६ साली आबिद सुरती यांनी लिहिलेला बहादूर आला. भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला, डाकूचा मुलगा असूनही गाव राखणारा हा नायक गोविंद ब्राह्मणिया यांनी काढला. इंद्रजालची मुखपृष्ठेही ब्राह्मणियांच्याच हातची असत. सुरती आज उपनगरांत ओळखले जातात ते वेगळ्याच कारणाने. २००७ पासून मीरा रोडच्या इमारतींत प्लंबर बरोबर घेऊन गळके नळ मोफत दुरुस्त करून देणारे आजोबा म्हणून त्यांच्यावर खूप लिहून आले. ते काम मोठेच आहे. पण या माणसाने वेताळाच्या पानांशेजारी एक देशी नायक उभा करून दाखवला, हे त्या बातम्यांत ओझरते येते.

माझ्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप सरळ व्यवहाराचा असतो. चित्रकारांना पानाचे पैसे मिळाले, जोखीम प्रकाशकाने घेतली, कागद-छपाई-वितरण त्याने सांभाळले, मग तक्रार कसली? हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. १९६७ मध्ये भारतीय पुराणांची कॉमिक्स खपतील की नाही याची कोणालाच खात्री नव्हती, आणि तेव्हा नियमित मिळणारे काम हा चित्रकाराच्या घरासाठी मोठाच आधार होता. फक्त ‘पैसे दिले की सगळे संपले’ हे आपल्या कायद्याला मान्य नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ सांगते की हक्क विकून टाकले तरी ‘हे काम माझे आहे’ असे म्हणण्याचा आणि त्याच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनातून काढून टाकलेल्या भित्तिशिल्पासाठी याच कलमावर सरकारविरुद्ध दावा लावला आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कलम १७ वाचले तर चित्र आणखी बारीक होते. नोकरीत केलेले काम सहसा मालकाचे. नियतकालिकाच्या नोकरीत त्या नियतकालिकासाठी केलेल्या कामाचा, उलट करार नसेल तर, प्रकाशनाचा हक्क मालकाकडे आणि बाकीचे हक्क कर्त्याकडे. पैसे देऊन बाहेरून करून घेतलेल्या कामांत छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, खोदचित्र यांचा उल्लेख आहे, पेन्सिल-शाईने काढलेल्या कथाचित्रांचा शब्दशः नाही. हक्क दुसऱ्याकडे जायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचे कागद लागतात. म्हणजे कोण नोकरीत होता, कोण घरी बसून पानाच्या दराने काम करत होता आणि कोणाने कशावर सही केली यावर सगळे अवलंबून आहे. ही माहिती त्या-त्या चित्रकाराची कारकीर्द नोंदवल्याशिवाय कशी कळणार? १९९४ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५३ अ तर मूळ चित्र दहा हजार रुपयांवर पुन्हा विकले गेल्यास चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना किमतीचा वाटा देते, जास्तीत जास्त दहा टक्के. अट एकच, चित्रकार त्या चित्राचा पहिला हक्कदार असला पाहिजे. जुन्या कॉमिक्सची मूळ पाने आता संग्राहकांच्या बाजारात येऊ लागली असताना हे कलम कागदावरच राहू नये असे वाटत असेल, तर कोणते पान कोणाच्या हातचे हे आधी सांगता आले पाहिजे. अमेरिकेत चित्रकार जॅक कर्बी यांनी मार्व्हल या प्रकाशन कंपनीकडून आपली मूळ पाने परत मिळवण्यासाठी १९८० च्या दशकात कित्येक वर्षे झगडा दिला. हजारो पाने काढलेल्या या माणसाच्या हाती शेवटी दोनेक हजारच आली. तेवढी तरी आली, कारण कोणत्या अंकातले कोणते पान त्यांचे याबाबत चाहत्यांना तिळमात्र शंका नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावतो. कॉमिक हे सांघिक काम आहे. संपादक, संहिताकार, चित्रकार, अक्षरे लिहिणारा, रंग ठरवणारा अशा पाच-सहा जणांतून अंक तयार होतो, मग चित्रकारालाच वेगळे का काढायचे? अमर चित्र कथेत तर अनंत पै यांची नजर प्रत्येक पानावरून फिरत असे आणि सुब्बा राव, कमला चंद्रकांत, ल्युइस फर्नांडिस यांच्यासारखे संपादक-लेखक तितकेच महत्त्वाचे होते. हे सगळे खरे आहे. म्हणूनच तर नेमकी नोंद हवी. चित्रपट शंभर जणांचा असतो, तरी आपण छायालेखक आणि संगीतकार वेगळे ओळखतो, त्यांच्या कारकिर्दीवर पुस्तके लिहितो. सांघिक काम म्हणून सगळ्यांचे श्रेय एका संपादकाच्या नावावर जमा करणे हा त्यावरचा उपाय नाही. ‘अंकल पै’ म्हणजे अनंत पै हे नाव मोठे झाले ते योग्यच झाले. त्या नावाच्या सावलीत बाकीचे दिसेनासे झाले ही त्यांची चूक म्हणता येत नाही, कारण नावे त्यांनी छापली होती.

तिसऱ्या आक्षेपाला मी सर्वांत जास्त वजन देतो. नंदिनी चंद्रा यांचे २००८ चे आणि कार्लाइन मॅक्लेन यांचे २००९ चे पुस्तक, अशा दोन अभ्यासांनी अमर चित्र कथेची कठोर तपासणी केली. गोरेपणा म्हणजे चांगुलपणा आणि काळा, केसाळ देह म्हणजे असुर, असे समीकरण या चित्रांनी रुजवले. स्त्रिया एकाच साच्याच्या सुंदर आणि सोशिक दाखवल्या. इतिहासातल्या संघर्षांना धर्माच्या दोन बाजूंत बसवले. असे असताना या चित्रकारांचा गौरव कशासाठी? ही टीका मला मोठ्या प्रमाणात पटते, आणि तीच माझ्या मागणीचे सर्वांत भक्कम कारण आहे. मी गौरव मागत नाही, नोंद मागतो. असुराचा रंग संहितेत लिहून आला होता, संपादकाने सुचवला होता, की चित्रकाराच्या सवयीतून उतरला? रविवर्म्याच्या तैलचित्रांचा वारसा किती आणि परदेशी साहसकथांच्या कॉमिक्समधल्या पिळदार देहांचा किती? एकाच विषयावर दोन चित्रकारांनी वेगळी निवड केली का? ‘बाबासाहेब आंबेडकर’मध्ये पाण्याचा प्रसंग, शाळेतले बसणे, सत्याग्रहातली गर्दी कदमांनी कशी रचली आणि त्याच हाताने महाभारतातला एकलव्य कसा रचला? ‘अमर चित्र कथा असे करते’ या एका वाक्यात हे सगळे प्रश्न बुडून जातात. जबाबदारी ठरवायची तरी माणूस लागतो, आणि चित्रे काढणारी माणसे नावानिशी समोर नसतील तर टीकाही संस्थेच्या पाटीवर आपटून परत येते.

शेवटचा आक्षेप असा की अमेरिकेशी तुलनाच चुकीची आहे. तिथे चित्रपटांतून अब्जावधी डॉलर आले म्हणून श्रेयाची भांडणे झाली, इथे तेवढा पैसाच नाही. तपशील पाहिले तर क्रम उलटा दिसतो. बार्क्स यांना वाचकांनी शोधले तेव्हा कोणताही चित्रपट येणार नव्हता. फिंगर यांच्यासाठी झटणारा लेखक एकटाच होता. पैसा उशिरा आला. तो आला तेव्हा कोणाचे काय हे सांगता आले, कारण काम आधीच झाले होते. आणि आपल्याकडे पैसा नाही हेही आता तितकेसे खरे नाही. २००७ मध्ये अमर चित्र कथा आणि टिंकल नव्या कंपनीकडे गेले, काही वर्षे त्यांचा पत्ता अंधेरीत मरोळ-मरोशी रस्त्यावरचा होता, जुने अंक संगणकावर नव्याने रंगवून जाडजूड संचांत निघाले, सुप्पंडीच्या चलतचित्रफिती आल्या. गोरेगावच्या नेस्को संकुलात कॉमिक कॉन भरले तेव्हा परदेशी सुपरहिरोंच्या पोशाखातली हजारो मुले तिथे रांगा लावून उभी होती. मराठीतच याचे उलट आणि चांगले उदाहरण आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला, पुढे ‘लोकसत्ता’तही दिसला, २०१२ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला. या सगळ्या प्रवासात चिंटू पंडित-वाडेकरांचा हे वाचकांच्या मनात पक्के राहिले. तीन-चार चौकटींच्या रोजच्या चित्रपट्टीला हे जमले, मग साडेसहा हजार चौकटींच्या महाभारताला का जमू नये?

करायचे काम फार खर्चाचे नाही, चिकाटीचे मात्र आहे. जुने अंक अजून उपनगरांत आहेत. बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांत पुनर्विकासासाठी घरे रिकामी होताना माळ्यावरचे गठ्ठे खाली येतात आणि किलोच्या भावाने रद्दीत जातात, तिथेच ते थांबवता येतील. प्रत्येक अंकाचे आतले पान, त्यावरची संहिता, चित्रे आणि संपादन यांची नावे, क्रमांक, साल, मुखपृष्ठावर सही असेल तर तिचा फोटो, आणि मराठी आवृत्ती असेल तर अनुवादकाचे नाव, एवढे टिपले तरी यादी उभी राहते. पुढच्या छपाईत काही नावे गळली किंवा रंग बदलले, तर पहिल्या आवृत्तीशी ताडून तेही लिहायचे. त्यानंतर त्या काळातल्या ज्या लेखक-चित्रकारांशी आज बोलता येईल त्यांच्याशी बोलायचे : कागद कोणता, ब्रश की निब, पानाचा दर किती, मूळ पान परत मिळत असे का, दुरुस्त्या कोण सुचवत असे. पवईत आयआयटीच्या आवारात आयडीसी ही दृश्यकला आणि ॲनिमेशन शिकवणारी संस्था १९६९ पासून आहे, शहरात जे. जे. कलामहाविद्यालय आहे, उपनगरांत अनेक मराठी ग्रंथालये आहेत. यादी तयार असेल तर ती ठेवायला आणि तपासायला जागा मिळेल. सुरुवात वाईरकरांपासून करणे सोयीचे, कारण अकराव्या क्रमांकाचा ‘कृष्ण’ आणि ‘टिंकल’मधले सुरुवातीचे सुप्पंडी अजूनही जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सापडतात, आणि मुळीक, कदम, हळबे यांचे अंक त्यांच्या शेजारच्याच थप्पीत असतात.